नव्या चाळीतलं पहिलं बिऱ्हाड

ठकुबाईला संशय यायला कारण लागत नसे. वाणी हसून बोलला तर तागडीत खोट असेल, आणि न हसता बोलला तर खोट नक्कीच असेल, असं तिचं साधं गणित. कामथडीत असताना एकदा तिनं देवळातल्या गुरवाला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "नारळाचा थोरला तुकडा तूच का ठेवतोस रं?" गुरव बिचारा तेव्हापासून तिच्या हातावर दोन तुकडे ठेवू लागला. मग हा मेला दोन का देतो, याचा तिला संशय.

साऱ्या जगावर असा संशय घेणाऱ्या या बाईनं एका माणसावर मात्र जन्मात कधी संशय घेतला नव्हता. ते माणूस कोण, हे तिचं तिला भोरात आल्यावर कळलं. त्याचीच ही गोष्ट.

सन सदतीसची दिवाळी सरून आठवडा झाला होता. ठकुबाई आणि तिची सून बनाबाई सकाळच्या सर्विस मोटारीनं भोरात उतरल्या. खोली शोधायची ही त्यांची तिसरी खेप. बनाबाईचा नवरा ज्ञानू, म्हणजे ठकुबाईचा एकुलता एक मुलगा, सात वर्षांमागं विषमज्वरानं गेला. ठकुबाईचा मालक त्याच्याही आधी गेलेला. कामथडीचं घर आणि जमीन दिरांनी गोड बोलून आपल्याकडं घेतली. तेव्हा ठकुबाईनं गळ्यातल्या पुतळ्या विकून सुनेला पुण्याला शिकायला धाडलं. बनाबाई फायनल पास झाली आणि भोरच्या मुलींच्या शाळेत तिला जागा मिळाली. पण हेडमास्तरीणबाईंनी बजावलं होतं, "शाळा सोमवारी उघडते. तोवर गावात बिऱ्हाड करून राहा. रोज मोटारीनं येणारी बाई मला चालायची नाही. नाहीतर यादीत दुसऱ्या बाई आहेत."

आज शुक्रवार होता.

पेठेत पहिल्या घरी ओटीवर बसलेल्या गृहस्थानं विचारलं, "मालक कुठं असतात?" दोघींच्या मोकळ्या कपाळांकडं त्याची नजर गेली आणि उत्तर ऐकायच्या आधीच तो म्हणाला, "खोली कालच दिली." खोलीला कुलूप होतं आणि कुलपाला कोळ्यानं जाळं केलेलं होतं. दुसऱ्या घरी बाईमाणूस होतं, ते जरा खरं बोललं. "राग मानू नका हो बाई, पर सकाळी दार उघडलं की तुमच्या दोघींची तोंडं दिसायची. आमच्याकडं लेकीचं लग्न ठरतंय." तिसऱ्या घरी तर दारच उघडलं नाही. आतून कोणी तरी म्हणालं, "दोन हायेत, दोन्ही तसल्याच."

बनाबाईचे डोळे भरून आले. "आत्याबाई, चला परत. माझ्या नशिबात शाळा नाही."

"गप बस. नशीब आन् फशीब," ठकुबाई खेकसली. पण ही जागा गेली तर परत दिरांच्या दारात जाऊन भाकरीसाठी उभं राहायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उन्हं कलता कलता दोघी गावाच्या कडेला, नदीच्या अंगाला आल्या. तिथं आनंदरावांची नवी चाळ उभी होती. आनंदराव हे धरणाला दगड पुरवून वर आलेले गृहस्थ. स्वतः चाळीमागच्या जुन्या घरात राहत. चाळ मात्र देखणी बांधली होती. आठ खोल्या, घडीव दगडाचं जोतं, वर मंगळुरी कौलं, खाली शहाबादी फरशी. भिंतींचा चुना अजून ओला वास मारत होता. एकही बिऱ्हाड आलेलं नव्हतं.

आनंदराव पटका सावरत पुढं आले. पन्नाशीचे, भारदस्त, बोलायला मऊ.

"कोण कोण राहणार?"

"आम्ही दोघीच," बनाबाई म्हणाली. "मी शाळेत शिकवणार आहे."

"पुरुष माणूस?"

ठकुबाईनं ओठ आवळले. आता हाही तोंड फिरवणार. "न्हाई," ती म्हणाली.

आनंदरावांनी तोंड फिरवलं नाही. उलट ते दोन पावलं जवळ आले. "अरेरे. मूलबाळ?"

"न्हाई."

"माहेरचं कोण?"

"आईवडील नाहीत," बनाबाई म्हणाली. "भाऊ होता, तोही गेल्या साली वारला."

"म्हणजे मागं कोणीच नाही म्हणा की," आनंदराव हळूच म्हणाले. त्यांनी पडवीत उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडं, रतनबाईकडं बघितलं. रतनबाईनं नुसती मान हलवली.

"कोपऱ्यावरची खोली घ्या. चांगला वारा येतो. भाडं चार रुपये आहे, पण तुमच्याकडनं एकच घेईन. उद्याच या."

बनाबाईचा जीव भांड्यात पडला. ती हात जोडून उभी राहिली. ठकुबाईनं हात जोडले नाहीत. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि चुकचुकली म्हणजे अशी की परतीच्या मोटारीत कापूरव्होळ येईपर्यंत थांबली नाही.

"बने, त्या माणसाची नजर मला साधी दिसत न्हाई."

"आत्याबाई, त्यांनी माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही."

"तेच म्हणते म्या! का न्हाई बघितलं?"

बनाबाई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून ठकुबाई गप्प बसली. शनिवारी दोघींनी दोन पेट्या, एक जातं आणि एक घोंगडी घेऊन नव्या चाळीत बिऱ्हाड थाटलं. ठकुबाईनं पहिलं काम कोणतं केलं असेल, तर विळ्याला धार लावून तो उशाखाली ठेवला.

विळ्याची गरज काही पडली नाही. आनंदराव चाळीकडं फिरकतच नसत. कधी समोरून आलेच तर बांधावरून वळून जात. ठकुबाईला वाटलं, हा लबाड आहे, सावकाशीनं येणार. पण आठ दिवस गेले, दहा दिवस गेले, आनंदराव काही आले नाहीत.

येई ती रतनबाई. रोज सकाळी, बनाबाई शाळेला जायच्या आधी, ती अंगणात येऊन उभी राही. कितीदा म्हटलं तरी उंबरा ओलांडत नसे, ओट्यावरसुद्धा टेकत नसे. हातात काही ना काही असायचंच, कधी भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास, कधी दहीभात. ते पत्रावळीवर नाहीतर मातीच्या मोग्यात आणी आणि लांबूनच ओट्यावर ठेवी.

"झोप लागली का रात्री?"

"लागली की," ठकुबाई म्हणे.

"सपान काय पडलं?"

"म्हातारपनी कसली सपनं बाई."

"आन् तुमच्या सुनंला? दचकून उठली का? छातीवर कुणी बसल्यावानी काय?"

"न्हाई."

रतनबाई "बरं बरं" म्हणे, पण तिला बरं वाटल्यासारखं दिसत नसे. ठकुबाई मोगा धुऊन परत द्यायला गेली, तर ती एकदम मागं सरली. "राहू द्या, राहू द्या. तुमच्याकडंच राहू द्या."

आता एवढं झाल्यावर ठकुबाई कशी स्वस्थ बसेल? अन्नात काही घालते की काय, म्हणून तिनं पहिला दहीभात मांजरीला घातला. मांजर दुसऱ्या दिवशी आणखी मागायला आली. मग तिला वाटलं, खोलीवर जप्ती असेल. शेजारच्या सात खोल्या रिकाम्या होत्या आणि मागणारी माणसं तर रोज येत होती. किकवीचा हैबती म्हणून एक कचेरीतला शिपाई होता. बायकोला आणि तान्ह्या पोराला आणायचं म्हणून तो चार रुपये हातात घेऊन आला होता. त्याला आनंदरावांनी सांगितलं, "जरा थांबा. महिना सरत आला की तुम्हालाच देतो." ठकुबाईनं हे आपल्या कानांनी ऐकलं. पैसा समोर आलेला असताना माणूस थांब म्हणतो, आणि आपल्याला तर एका रुपयात आत घेतो!

"आत्याबाई, जगात चांगली माणसंही असतात," बनाबाई म्हणाली. ती सगळ्या खोलीभर खुळ्यासारखी फिरायची. खिडकीला तिनं जुन्या लुगड्याचा पडदा शिवला होता. कोनाड्यात पुस्तकं मांडली होती. "आजवर मी कुणाच्या तरी घरात राहिले. हे माझं घर आहे. मला तुमच्या संशयानं ते नासवायचं नाही."

हे बोलणं ठकुबाईला कुठं तरी लागलं. असंच काही तरी कोणी तरी आपल्याला पूर्वी म्हटलं होतं, असं तिला वाटलं. कोण म्हणालं होतं, ते तिनं आठवलं नाही. खरं सांगायचं तर आठवायचं टाळलं.

आणखी एक गोष्ट तिनं हेरून ठेवली होती. रतनबाईची सून भागूबाई पोटुशी होती, सातवा सरत आला होता. ती मागच्या घराच्या पडवीत दिवसभर बसलेली दिसे. एकदा ती पाय मोकळे करायला चाळीकडं येऊ लागली, तर रतनबाई घरातून जवळजवळ धावत आली आणि तिला दंडाला धरून मागं घेऊन गेली. "तिकडं न्हाई जायचं अजून. सांगितलं ना तुला, अजून न्हाई."

अजून नाही, म्हणजे मग कधी?

मंगळवारी ठकुबाईला हिवताप आला. थंडी भरून आली, दात वाजू लागले. बनाबाई शाळेला न जाता बसत होती, पण ठकुबाईनं तिला हाकलून लावलं. उन्हं वर आल्यावर ती घोंगडी पांघरून ओट्यावर येऊन बसली. तेवढ्यात रतनबाई आली.

"काय झालं हो ठकुबाई?"

"ताप हाय थोडा."

"ताप?" रतनबाईनं पत्रावळ ओट्यावर ठेवून टाकली. "लई हाय का? रातीपास्नं? अचानक आला?"

बोलणं सगळं काळजीचं होतं. पण ठकुबाईनं मान वर करून तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि तिथं तिला काळजी दिसली नाही. तिथं सुटका दिसली. मोठं ओझं डोक्यावरून खाली उतरावं तसं ते तोंड झालं होतं. रतनबाईनं लगेच पदर ओढला आणि ती लगबगीनं गेली. पण घराकडं नाही, ती चाळीच्या कोपऱ्याआड गेली, क्षणभर वाकली आणि मग घराकडं वळली.

ठकुबाई उठली. भिंतीला धरून धरून कोपऱ्यापर्यंत गेली. जोत्याच्या खालच्या दगडावर, माणसाच्या सहज नजरेला पडणार नाहीत अशा, कोळशाच्या रेघा ओढलेल्या होत्या. तिनं बोट ठेवून मोजल्या. सतरा भरल्या. सतरावी अजून ताजी होती.

शनिवारपासून दोघी या खोलीत सतरा रात्री निजल्या होत्या.

ठकुबाई तिथंच मातीत बसली. या रेघा कशाच्या, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. अशाच रेघा कोळशानं तिनं स्वतः ओढल्या होत्या, अकरा वर्षांमागं, कामथडीला, आपल्या नव्या घराच्या जोत्यावर. तिच्या रेघा चौदावर थांबल्या होत्या.

कुठल्या पोथीत हे लिहिलेलं नाही आणि कोणी भटजी हे सांगत नाही. पण ठकुबाईच्या सासूनं तिला सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. नवं घर जागं असतं. त्याची भूक जागी असते. लेकुरवाळ्या बाईनं आत जायच्या आधी ते घर निजवावं लागतं. ते कसं निजवायचं? तर एकवीस रात्री तिथं असं माणूस ठेवायचं, ज्याच्यामागं रडायला कोणी नाही. घरानं काही घ्यायचं असेल तर तेवढं घेऊन ते शांत होतं. माणसाला मात्र यातलं काही सांगायचं नाही.

कामथडीच्या घरासाठी असं माणूस घरातच होतं. ठकुबाईची नणंद, फुलाबाई. तेराव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाच्या दारात आली. पस्तिशीपर्यंत तिनं शेण काढलं, दळणं दळली, उरलंसुरलं खाल्लं. निजायला जागा म्हणजे गोठ्याच्या कडेची. ठकुबाईनं एक दिवस अगदी मऊ आवाजात तिला म्हटलं, "वन्सं, तुमी नव्या घरात निजत जावा. आमी मागनं येतो."

फुलाबाईला काय आनंद झाला! तिनं दोन दिवस खपून घर सारवलं. कोनाड्यात पणती लावली. तिसऱ्या दिवशी येऊन ठकुबाईचे पाय धरले. "वैनी, जन्मात पयल्यांदा मला माजी म्हनून खोली मिळाली. तुमचं उपकार म्या कसं फेडू?" आणि ठकुबाईनं काय केलं? तिनं विचारलं, "झोप लागली का वन्सं? सपान काय पडलं?"

जोत्यात दगडांच्या भेगा बुजवायच्या राहिल्या होत्या. चौदाव्या रात्री फुलाबाईला पान लागलं, साप चावला. सकाळी ती निळी होऊन पडलेली सापडली. ठकुबाईच्या तोंडावर तेव्हा काय दिसलं असेल? आरसा तिनं बघितला नव्हता. आज रतनबाईच्या तोंडावर तिनं ते बघितलं.

रडणं तर राहिलंच. घर निजलं म्हणून वास्तुशांतीचा मुहूर्त लगेच दोन दिवसांवरचा धरला. ठकुबाई घरातल्या बायकांना म्हणाली होती, "गळा काढू नगा. नव्या घरात अभद्र नगं." फुलाबाईला गुपचूप नेलं, गुपचूप जाळलं, आणि तिसऱ्या दिवशी पुरणपोळी झाली. त्याच घरात चार वर्षांनी ज्ञानूनं तापानं जीव सोडला. घर निजलंच कुठं होतं? की घराला कधी भूकच नव्हती, आणि जी काय भूक होती ती ठकुबाईचीच होती?

संध्याकाळी बनाबाई आली तेव्हा सासू ताप घेऊन मातीतच बसलेली. तिनं सुनेला सगळं सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही.

बनाबाई म्हणाली, "फुलाआत्या साप चावून गेल्या, एवढंच मला सांगितलं होतं."

"सापच व्हता. पर त्याच्या तोंडाशी त्यास्नी म्या निजवलं."

बनाबाईनं सासूचा हात धरला नाही. ती उठली आणि कोनाड्यातली पुस्तकं काढून पेटीत भरू लागली. "मी इथं एक घटका राहणार नाही. आपण काय बकऱ्या आहोत? आपण मेलो तर यांच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप होणार, असं ना?"

"कुठं जाशील?"

"कुठंही."

"पेठेत तीनदा फिरलो आपन. शाळा जाईल तुजी." ठकुबाई उठून दारात उभी राहिली. "ठेव ती पुस्तकं जाग्यावर. बने, आपन पळालो की ही मानसं उद्या दुसरी कुनी विधवा गाठतील. तिला ठावं बी नसंल. म्या हितनं हालायची न्हाई. तुज्या सासूवर तुजा राग हाय, तो असू दे. तो बरोबर हाय."

बनाबाईनं एकेक पुस्तक परत कोनाड्यात ठेवलं.

बुधवारी सकाळी ताप उतरलेला होता. रतनबाई नेहमीच्या वेळेला आली. आज तिच्याबरोबर आनंदरावही होते, कारण हैबती शिपाई बायकोला खोली दाखवायला घेऊन आला होता. बायकोच्या कडेवर सहा महिन्यांचं मूल होतं. ठकुबाईला ओट्यावर ताठ बसलेली बघून रतनबाईचं तोंड पडलं.

"ताप उतरला व्हय?"

"उतरला. ती सतरावी रेघ फुकट गेली तुमची," ठकुबाई म्हणाली. "आज अठरावी काढली का अजून?"

रतनबाई पांढरीफटक पडली. आनंदराव पुढं आले. "काय बोलताय म्हातारे? कसली रेघ?"

"मालक, त्या कोपऱ्यावर जावा आन् बघा. का तुमाला ठावंच हाय?" ठकुबाईनं हैबतीकडं तोंड केलं. "तुमाला महिना थांबायला का सांगितलं ठावं हाय का? आमी दोघी हितं मरतोय का बघायचं व्हतं. न्हाई मेलो, तर मग तुमच्या लेकराला आत घ्यायचं."

हैबतीच्या बायकोनं मूल छातीशी ओढलं. "अगं बाई! खरं का हो हे?"

"त्या बाईच्या डोक्यात ताप गेलाय," आनंदराव म्हणाले, पण त्यांचा आवाज मऊ राहिला नव्हता. "बाई, गावात कोणी दारात उभं करत नव्हतं तुम्हाला. एका रुपयात छप्पर दिलं, त्याचं हे पांग फेडताय? आजच्या आज खोली मोकळी करा."

आता बनाबाई बाहेर आली. "करणार नाही. भाडं चार रुपये आहे ना? हे घ्या, पहिल्या महिन्याचे चार रुपये पुरे. मला माझ्या नावानं पावती पाहिजे. आम्ही इथं भाडं देऊन राहतो, तुमच्या घराचा उतारा म्हणून नाही."

"पावती नाही नि काही नाही!"

आणि मग रतनबाई, जी इतके दिवस गोड बोलत होती, तिच्या तोंडून ते निसटलं. "एवढा तोरा कशाला गं? मेलात तर तुमच्यामागं रडणारं तरी कोन हाय?"

ठकुबाईनं तोंड उघडलं. ती आता या बाईची जन्माची लक्तरं काढणार, असं बनाबाईला वाटलं. पण ठकुबाई खाली बसली. तिनं दोन्ही हात जोत्यावर टेकले.

"खरं हाय," ती म्हणाली. "माज्या वन्संमागं बी कुनी रडलं न्हाई."

आणि तिनं गळा काढला.

तो गळा असा होता की नदीवर धुणं धुणाऱ्या बाया हातातलं टाकून वर आल्या. "वन्सं वो! माज्या फुलावन्सं वो! तुमाला म्या निजवलं वो! तुमी माजं पाय धरलं वो!" तिनं कपाळ जोत्यावर आपटलं. अकरा वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडत होतं. आळीतून माणसं धावली. मळ्यातून गडी आले. जो येई तो विचारी, "कोन गेलं? कोन गेलं?"

"माजी नणंद गेली," ठकुबाई हुंदके देत सांगे. "फुलाबाई. कामथडीची."

"कवा गेली?"

"अकरा वर्सं झाली."

माणसं एकमेकांकडं बघत. मग ती सांगे. जो येई त्याला पहिल्यापासून सांगे. आपण काय केलं, कशासाठी केलं, रेघा कशा ओढल्या, पुरणपोळी कधी केली. आनंदरावांविषयी ती चकार शब्द बोलली नाही. ते काम हैबती करत होता. तो माणसांना कोपऱ्याआड नेऊन जोत्यावरच्या सतरा रेघा दाखवत होता. दोन म्हाताऱ्या बाया त्या रेघा बघून काही न बोलता माघारी फिरल्या. त्यांना का बोलवेना, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

गर्दीतून वाट काढत भागूबाई आली. जड पावलांनी, पोट सांभाळत. रतनबाई ओरडली, "भागू, मागं फिर! उंबऱ्यापाशी जाऊ नगंस!" भागूबाई थांबली नाही. ती कोपऱ्याशी गेली, रेघा बघितल्या, आणि सासूकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, हे माज्यासाठी केलं तुमी?"

रतनबाईनं तिच्या दंडाला धरलं, भागूबाईनं हात सोडवला.

"मला सांगितलं असतं तर म्या नगं म्हटलं असतं. माज्या लेकराच्या आयुष्याला दोन बायांची मरणं नगंत मला." एवढं बोलून भागूबाई उंबरा ओलांडून खोलीत गेली आणि बनाबाईच्या घोंगडीवर भिंतीला टेकून बसली. मग आतूनच म्हणाली, "कुनी पानी देता का? लांबनं आलेय."

खरं तर ती पन्नास पावलांवरनं आली होती. बनाबाईनं तिला तांब्या दिला. भागूबाई तो तोंडाला लावून पाणी प्यायली. सारं अंगण बघत होतं.

आनंदरावांनी बराच वेळ पटका काढला आणि घातला. शेवटी ते घरात गेले, दौत-टाक घेऊन आले आणि ओट्यावर बसून त्यांनी पावती लिहिली. हैबतीनं त्याच दिवशी शेजारची खोली घेतली. बनाबाईची शाळा चालू राहिली. पौषात भागूबाईला मुलगी झाली, थोडी अडून झाली, पण झाली.

बनाबाईनं सासूला क्षमा केली का? तिनं तसं कधी म्हटलं नाही आणि ठकुबाईनं मागितली नाही. दरवर्षी कार्तिकात, ठकुबाईनं गळा काढला त्या दिवशी, बनाबाई कोनाड्यात एक पणती लावी आणि ठकुबाई तिच्याकडं बघत बसे.

ठकुबाईचा संशयी स्वभाव मात्र शेवटपर्यंत गेला नाही. पुढं भोरात पुष्कळ घरं झाली, नदीकाठानं नव्या चाळी उभ्या राहिल्या. कुठं कौलं चढली असं कानावर आलं, की ही म्हातारी काठी टेकत तिथं हजर. आधी ती वाकून जोत्याचे दगड न्याहाळायची. मग मालकाला विचारायची, "पयल्या रातीला हितं कोन निजनार?"

कोणी म्हणे, रखवालदार. कोणी म्हणे, एक निराधार बाई आहे, तिला बिचारीला फुकटात जागा देतोय. वाचकहो, दयेचे असे शब्द आपणही ऐकले असतील, कदाचित बोललेही असाल. ठकुबाई ते पुरते ऐकून घ्यायची, आणि काठी जोत्यावर आपटून म्हणायची, "मालक, घर तुमचं हाय. पयल्या रातीला तुमी निजा."

आणि उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलत नसे.